मुलाचे हातपाय आणि घरातील काम

बंगळूर शहरात थंडी पडू लागली की बाजारात अवरेकायीचे ढीग दिसू लागतात. अवरेकायी म्हणजे आपल्याकडील वाल-पावट्याच्या जातीची शेंग. शेंगांतून काढलेले ताजे दाणे काही तास पाण्यात भिजवितात आणि मग एकेक दाणा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलकेच दाबतात. साल बोटांत राहते आणि आतील हिरवी डाळ टुणकन पातेल्यात पडते. अशा सोललेल्या दाण्यांना कानडीत 'हितकिद अवरेबेळे', म्हणजे दाबून काढलेली अवरेडाळ, असे म्हणतात. किलो-दोन किलो दाणे सोलणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. त्यामुळे आजी, आई, शेजारीण आणि घरातील मुले अशी सारी मंडळी परातीभोवती बसतात. महाराष्ट्रात मोड आलेल्या वालांच्या डाळिंब्या सोलताना थोड्याफार फरकाने हेच दृश्य दिसते.

त्या परातीभोवती काही शिकविले जात आहे, असे तेथे बसलेल्यांपैकी कोणालाही वाटत नसते. तथापि चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर तो एक उत्तम पाठ असतो. दाणा फार जोराने दाबला तर चिरडतो, फार हलके दाबला तर साल सुटत नाही आणि तिरपा धरला तर डाळ पातेल्याऐवजी आजीच्या मांडीवर जाऊन पडते. किती जोर लावावा, कोणत्या बाजूने लावावा आणि नेम कोठे धरावा, हे मुलाला कोणी सांगत नाही, प्रत्येक दाणाच त्याला सांगत असतो. शिवाय दोन बोटे काम करीत असताना उरलेली तीन स्वस्थ ठेवावी लागतात. पुढे पेन्सिल धरण्यासाठी, शर्टाची गुंडी लावण्यासाठी आणि सुईत दोरा ओवण्यासाठी बोटांची हीच स्वतंत्र हालचाल लागते.

स्थूल आणि सूक्ष्म हालचाली

स्नायू आणि मज्जासंस्था यांच्या सहकार्याने हेतुपूर्वक हालचाली करण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात 'कारक कौशल्य' अशी संज्ञा आहे. या कौशल्यांचे सोयीसाठी दोन वर्ग पाडले जातात. बसणे, रांगणे, चालणे, धावणे, उडी मारणे, चढणे, फेकणे या हालचालींत शरीरातील मोठे स्नायूगट भाग घेतात. त्यांना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. धरणे, सोलणे, ओवणे, रेघ ओढणे, गाठ मारणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत. हे दोन वर्ग एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत, असे मात्र समजू नये. ज्या मुलाला पाठ सरळ ठेवून स्थिर बसता येत नाही, त्याचे हात तोल सांभाळण्यात गुंततात आणि बोटांना मोकळीक मिळत नाही. सूक्ष्म कामाचा पाया स्थूल कामात असतो, तो असा.

या कौशल्यांचा साधारण क्रम ठरलेला असला तरी त्यांचे वेळापत्रक प्रत्येक मुलागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांची नियमित पाहणी करून २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराविना एकट्याने चालण्याचा प्रारंभ या मुलांत ८.२ महिने ते १७.६ महिने एवढ्या विस्तृत कालावधीत केव्हाही झालेला आढळला. सुमारे ४.३ टक्के मुले तर हात व गुडघे टेकून कधी रांगलीच नाहीत, आणि तरीही ती व्यवस्थित चालू लागली. यावरून शेजारच्या मुलाशी आपल्या मुलाची महिन्यामहिन्याने तुलना करणे किती निरर्थक आहे, हे सहज ध्यानात यावे.

हालचाल कशी शिकली जाते?

हालचाल शिकणे म्हणजे एकच कृती पुनःपुन्हा तशीच गिरविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला पहिला मोठा धक्का एका कारखानदारी स्वरूपाच्या संशोधनातूनच मिळाला. १९२० नंतरच्या दशकात मॉस्को येथील केंद्रीय श्रमसंस्थेत निकोलाय बेर्नस्टाइन या तरुण शास्त्रज्ञाकडे छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास सोपविण्यात आला होता. आदर्श हालचाल कोणती ते शोधावे आणि ती सर्व कामगारांच्या अंगवळणी पाडावी, असा संस्थेचा उद्देश होता. बेर्नस्टाइन यांनी कामगारांच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर आणि हातोड्यावर लहान लहान दिवे बसवून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. तेव्हा असे दिसून आले की, निष्णात कामगाराचा हातोडा दर वेळी छिन्नीवर अचूक पडतो, परंतु त्याच्या खांद्याचा, कोपराचा आणि मनगटाचा मार्ग प्रत्येक घावाला थोडा थोडा बदललेला असतो. खांदा किंचित पुढे गेला तर कोपर ती चूक सावरून घेते. कोपर मागे राहिले तर मनगट भरपाई करते.

याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. कुशल माणूस एखादी ठराविक हालचाल पाठ करीत नाही. एकच उद्दिष्ट नित्य नव्या परिस्थितीत नव्या मार्गाने गाठण्याची हातोटी तो कमावतो. म्हणून सरावात हेतू एकच असावा, पण परिस्थिती मात्र बदलती असावी. ज्या कामात मुलाला काहीतरी खरोखर साधावयाचे असते आणि ज्यात वस्तू दर वेळी थोडी वेगळी असते, ते काम त्याला अधिक शिकविते. परातीतील दोन दाणे कधी सारखे नसतात. सरावपुस्तिकेतील तुटक रेघा मात्र सगळ्या सारख्याच असतात.

या प्रक्रियेत मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या अनुमस्तिष्काचे, म्हणजे लहान मेंदूचे, कार्य मोठे आहे. योजलेली हालचाल आणि प्रत्यक्षात घडलेली हालचाल यांतील तफावत टिपून पुढील प्रयत्न सुधारण्यास तो साहाय्य करतो. अर्थात सुधारणेसाठी आधी चूक घडावी लागते. सांडणे, निसटणे, पडणे हा शिकण्यातील अडथळा नसून त्याचे साधन आहे, हे पालकांनी विसरू नये.

पाय : दगडावर आणि अंगणात

चालावयास शिकणाऱ्या मुलाचे कष्ट किती असतात, याची मोजदाद न्यूयॉर्क येथील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, मोकळेपणी खेळणारी बारा ते एकोणीस महिन्यांची मुले तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. कोणत्याही प्रशिक्षकाने एवढी कवायत सांगितली असती, तर मूल पहिल्या दहा मिनिटांतच रडू लागले असते. येथे मात्र ते स्वतःच्या इच्छेने, कधी मांजरामागे तर कधी आईच्या पदरामागे, हा पल्ला गाठते.

अ‍ॅडॉल्फ यांचा आणखी एक निष्कर्ष उद्‍बोधक आहे. रांगणारी मुले अनेक आठवड्यांच्या अनुभवाने उतार ओळखावयास शिकतात आणि फार तीव्र उतारापाशी थांबतात. पण तीच मुले चालू लागली की प्रथम त्याच धोक्याच्या उतारावर बेधडक पाऊल टाकतात. रांगताना मिळालेले ज्ञान चालताना आपोआप उपयोगी पडत नाही. नव्या शरीरस्थितीसाठी ते नव्याने मिळवावे लागते. उताराचे ज्ञान उतारावरच मिळते, हे यातील तात्पर्य.

बंगळूरच्या लालबागेत एक विस्तीर्ण उघडा खडक आहे. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा एक लहान बुरूज उभा आहे. पिढ्यानपिढ्या शहरातील मुले या खडकावर चढत-उतरत आली आहेत. चढताना अंग पुढे झुकवावे लागते, उतरताना मागे रेलावे लागते, आणि पाऊस पडून गेला असेल तर पावलाची पकड निराळी ठेवावी लागते. गुळगुळीत फरशीवर वाढणाऱ्या मुलाला यातील एकही अनुभव मिळत नाही. ज्यांच्या गावी लालबाग नाही त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. शेताचा बांध, नदीचा घाट, देवळाच्या पायऱ्या, मातीचा ढिगारा हे सारे त्याच कामाचे आहे. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे आणि मुलाला आपले आपण ठरवू द्यावे, म्हणजे झाले.

थोड्या मोठ्या मुलांसाठी लगोरी, लंगडी, विटीदांडू आणि भोवरा हे खेळ आहेत. लगोरी हे नाव कानडीत आणि मराठीत एकच आहे; विटीदांडूला कानडीत चिन्नि-दांडु आणि भोवऱ्याला बुगुरी म्हणतात. लगोरीत नेम धरून चेंडू फेकणे, चेंडू चुकविणे, वाकणे आणि धावपळीत चकत्या नीट रचणे अशी स्थूल व सूक्ष्म दोन्ही प्रकारची कौशल्ये एकाच डावात एकत्र येतात. मुलाला त्यातले काही ठाऊक नसते. त्याला डाव जिंकावयाचा असतो.

हात : पेन्सिलीच्या आधी

तळहात व मनगट यांच्या सांध्यात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ही हाडे बहुधा कूर्चेच्याच स्वरूपात असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांपैकी दोहोंत अस्थी तयार होऊ लागते, आणि उरलेल्यांची पाळी येता येता बालपणाची अनेक वर्षे निघून जातात. तीन वर्षांच्या मुलाचे मनगट हे मोठ्या माणसाच्या मनगटाची लहान प्रतिकृती नव्हे. त्याची घडण अद्याप चालूच असते. तरीही शहरांतून आज तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना ओळीत अक्षरे गिरविण्यास बसविले जाते. मूल पेन्सिल मुठीत आवळते, कागद फाटतो, हात दुखतो, आणि लेखनाशी त्याची पहिली ओळख कंटाळ्याने होते.

लेखनाची पूर्वतयारी पेन्सिलीवाचूनच अधिक चांगली होते. रांगोळीचे उदाहरण घ्यावे. कर्नाटकात दाराशी घालावयाच्या ठिपक्यांच्या रांगोळीला 'चुक्की रंगोली' म्हणतात. चिमटीतून पूड सारख्या धारेने सोडणे, ठिपक्यांतील अंतर नजरेने जोखणे, रेघ ठिपक्याभोवती वळवून मूळ जागी आणणे या कृती अक्षराच्या वळणाशी जवळचे नाते सांगतात. शिवाय रांगोळी चुकली तर हाताने पुसता येते. वहीतील तांबड्या शाईची भीती तेथे नसते. कणकेची गोळी वळणे, लिंबू पिळणे, ओले फडके पिळणे यांनी तळहाताचे बळ वाढते. मेथी निवडणे आणि मटार सोलणे यांनी बोटांची चिमट पक्की होते. सहा-सात वर्षांच्या पुढे अबोली आणि मोगऱ्याची फुले सुईविना, नुसत्या बोटांनी दोऱ्याची गाठ मारून गुंफण्याचे काम जमू लागते. बंगळूरच्या फुलबाजारात बायकांची बोटे हे काम न पाहता करतात. हाच तो हालचाल अंगवळणी पडण्याचा टप्पा होय.

सागरगोट्यांचा खेळही याच मालिकेत बसतो. एक गोटा वर उडवावयाचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे उचलावयाचे आणि पडणारा झेलावयाचा, यात नजर, वेळेचा अंदाज आणि बोटे यांचा मेळ घालावा लागतो. दक्षिणेत दोन ओळींत प्रत्येकी सात खळगे असलेल्या लाकडी पाटावर चिंचोके वाटत जाण्याचा 'अळगुळी मणे' नावाचा खेळ आहे. त्यात बोटांच्या कामाला गणिताचीही जोड मिळते.

खेळणी विकत घ्यावयाची झाली तर ती महागच असावी लागतात असे नाही. बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना सुमारे साठ किलोमीटरवर चन्नपट्टण हे गाव लागते. तेथील कारागीर काळ्या कुड्याच्या मऊ लाकडाला चरकावर आकार देतात, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेली लाख केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकचकीत करतात. दांडीवर ओवावयाच्या चकत्या, दोरीने ओढावयाची गाडी, बोटांनी फिरवावयाचा भोवरा अशी ही खेळणी आहेत. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी याच गोत्रातली. या खेळण्यांत कळ दाबून काही घडत नाही. जे घडते ते मुलाच्या हाताने घडते, हाच त्यांचा मोठा गुण.

कोसबाडचा धडा

मुलांना खऱ्या कामात सहभागी करून घ्यावे, हा विचार शिक्षणशास्त्रात नवा नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, तेव्हा ओतणे, पुसणे, गुंड्या लावणे अशा व्यवहारातील कामांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. १९३९ साली त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि युद्धकाळात त्यांचे वास्तव्य भारतातच राहिले. परंतु त्यांची साधने तयार करणे खर्चिक होते. ही अडचण महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी सोडविली. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. पाने, बिया, शिंपले, खडे, काड्या ही त्यांची शैक्षणिक साधने होती. हातांना वळण लावण्यासाठी परदेशी लाकडी ठोकळ्यांची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले.

आज अडचण साधनांची नाही, ती वेळेची आणि जागेची आहे. बंगळूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत अंगणे गेली, पावटे सोललेले मिळू लागले, बुटांना नाडीऐवजी चिकटपट्टी आली. सकाळच्या घाईत मुलाने स्वतः गुंडी लावण्यास पाच मिनिटे लागतात आणि आईने लावल्यास अर्धे मिनिट; साहजिकच आई लावते. संध्याकाळी थकलेले पालक मुलाच्या हाती मोबाइल देतात. त्यावर बोट फिरते खरे, परंतु काचेला वजन नसते, खरखरीतपणा नसतो आणि प्रतिकारही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून किमान १८० मिनिटे निरनिराळ्या शारीरिक हालचाली मिळाव्यात. एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तो तासापेक्षा अधिक दाखवू नये. १८० मिनिटांचा आकडा मोठा वाटतो, पण घरकामात, जिन्यावर आणि खेळात मूल सोबत असेल तर तो नकळत भरून निघतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शेंगदाणे, सुके वाटाणे, चिंचोके, मणी या वस्तू लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती त्या एकट्याने देऊ नयेत. त्याआधी मोठे बटाटे, कणीक, मेथीच्या जुड्या, वाट्या आणि डबे पुरेसे आहेत.

उशीर होतो तेव्हा

काही मुलांच्या बाबतीत केवळ संधी देऊन भागत नाही. अठरा महिने उलटूनही मूल एकट्याने चालत नसेल, वर्षाच्या आतच ते सतत एकच हात वापरीत असेल आणि दुसरा मुठीत आवळून ठेवीत असेल, किंवा एकदा आलेले कौशल्य नाहीसे होत असेल, तर 'आपोआप होईल' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासनाने जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. बंगळूरमध्ये १९८२ साली स्थापन झालेली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक ही संस्था मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी कार्य करते.

या मुलांच्या उपचारांबाबतही गेल्या काही दशकांत दृष्टी बदलली आहे. पूर्वी उपचारक मुलाचे हातपाय ताणून, दाबून हालवीत आणि मूल निष्क्रिय पडून राही. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन २०१३ साली असे दाखविले की, मुलाला स्वतःला साधावयाचे असलेले प्रत्यक्ष काम, त्याच्या घरातच आणि त्याच्याच हातांनी पुनःपुन्हा करू देणे अधिक गुणकारी ठरते. ज्या मुलाला स्वतःच्या हाताने इडली खावयाची आहे, त्याच्यासाठी इडली खाणे हाच व्यायाम. निरोगी मुलाला लागू पडणारे तत्त्व अशक्त मुलालाही लागू पडते. फरक इतकाच की, काम अधिक लहान पायऱ्यांत वाटावे लागते आणि वाट पाहणाऱ्याला अधिक धीर धरावा लागतो.

मोठ्यांनी काय करावे?

करण्यासारखे फार थोडे आहे, पण ते नेमाने करावे. रोज एक खरे काम मुलाच्या वाट्याला ठेवावे. खोटे काम मूल तत्काळ ओळखते. काम एकदा सावकाश करून दाखवावे आणि मग आपले हात मागे घ्यावेत. सांडले तर फडके मुलाच्याच हाती द्यावे, कारण पुसणे हेही कामच आहे. त्याने केलेले काम त्याच्यादेखत पुन्हा सुधारू नये. वाकडी झालेली पोळी पानात वाढावी आणि खावी. मूल कंटाळले की थांबावे. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन येते.

यासाठी पैसा लागत नाही आणि विशेष ज्ञानही लागत नाही. सकाळची ती साडेचार मिनिटे मात्र द्यावी लागतात. घाईने मुलाच्या हातातून काढून घेतलेले प्रत्येक काम म्हणजे त्याचा बुडालेला एक पाठ असतो, आणि बालपणीचे हे पाठ पुढे शाळेत भरून काढणे मुलाला आणि शिक्षकाला दोघांनाही जड जाते.